कॅमेरा ‘ऑफलाइन’ दाखवतोय? रिसेटचं बटण दाबायच्या आधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळेत मधली सुट्टी झाली, मी स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि सवयीप्रमाणे फोनवर घरचा कॅमेरा लावला. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं आणि मग दोन शब्द आले : डिव्हाइस ऑफलाइन. कात्रपच्या घरी अम्मी एकट्या. वय सत्तरच्या पुढे, गुडघ्याचा त्रास. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. शेवटी शेजारच्या काकूंना फोन केला. त्या चप्पलही न घालता धावल्या. अम्मी जोहरची नमाज पढून आडव्या झाल्या होत्या आणि फोन सायलेंटवर होता. अलहम्दुलिल्लाह, तेवढ्यावर निभावलं. पण ती दहा मिनिटं मी विसरलेली नाही.

घरी आल्यावर मी जे केलं तेच बहुतेक लोक करतात, आणि तीच चूक आहे. कॅमेऱ्याच्या खालच्या बारीक भोकात सुई घालून रिसेट केला. आता कॅमेरा सगळंच विसरला. वायफायचं नाव, पासवर्ड, सगळं. नव्याने जोडायला गेले तर जोडेना. तीन दिवस असेच गेले. खरा दोष कॅमेऱ्यात नव्हताच, तो राऊटरमध्ये होता. तो काय होता ते पुढे सांगते, कारण तो कुणाच्याही घरी होऊ शकतो.

आपल्या भागात आता घरोघरी कॅमेरे आले आहेत. घरातली कर्ती माणसं सकाळच्या लोकलने ठाणे-मुंबईकडे जातात, कुणाचा भाऊ किंवा मुलगा सौदी-दुबईत असतो, घरी म्हातारी माणसं आणि शाळेतून येणारी मुलं. कॅमेरा बसवणारा मुलगा अर्ध्या तासात काम उरकून जातो. नंतर काही बिघडलं की तो फोन उचलत नाही, किंवा येऊन तीनशे-पाचशे रुपये घेतो आणि राऊटर बंद-चालू करून जातो. तेवढं तर आपल्यालाही येतं.

वर्गात मी मुलांना सांगते, उत्तर चुकलं तर आधी कोणती पायरी चुकली ते शोधा, सगळं गणित खोडू नका. इथेही तसंच. कॅमेऱ्याचं चित्र आपल्या फोनपर्यंत एका साखळीतून येतं. वीज, मग कॅमेरा, मग हवेतून वायफाय किंवा वायर, मग हब असेल तर हब, मग राऊटर, मग इंटरनेट, मग कंपनीचा सर्व्हर आणि शेवटी आपला फोन. यातली एक कडी तुटली तरी फोनवर ‘डिव्हाइस ऑफलाइन’ हेच दोन शब्द दिसतात.

म्हणून पहिला प्रश्न : एकच कॅमेरा बंद आहे की सगळे? सगळे बंद असतील तर कॅमेऱ्यांना हातच लावू नका. फायबरच्या डबीवर बघा. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल दिसत असेल तर बाहेरची तार तुटली आहे किंवा सैल झाली आहे, केबलवाल्याला फोन करा आणि चहा प्या. दिवे ठीक असतील तर घरच्या वायफायवर फोनमध्ये एखादी वेबसाइट उघडते का ते पाहा. फोन चालतोय, वायफायचे कॅमेरे चालतायत, फक्त हबला जोडलेले बंद आहेत, तर दोष हबमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. आणि एकच बंद असेल तर त्याची वीज, त्याचं अंतर किंवा तो स्वतः.

आता हब म्हणजे काय, यात बराच गोंधळ आहे, कारण बाजारात दोन वेगळ्या वस्तूंना हब म्हणतात. एक म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची आणि डोअरबेलची छोटी डबी. हे कॅमेरे थेट राऊटरशी बोलत नाहीत, डबीशी बोलतात, आणि डबी लॅन वायरने किंवा वायफायने राऊटरशी. दुसरी म्हणजे चार-आठ पोर्टची पेटी, जिला खरं तर स्विच म्हणायला हवं. सोसायटीच्या वायरवाल्या कॅमेऱ्यांना ती लागते. दुरुस्तीवाल्याला फोन करताना आपल्याकडे यातलं कोणतं आहे ते आधी सांगा.

डबीवाला हब बंद दिसला तर लॅनची पिन काढून पुन्हा टक्‌ आवाज येईपर्यंत बसवा. पोर्टजवळचा बारीक दिवा लुकलुकत नसेल तर राऊटरचं दुसरं पोर्ट वापरून पाहा, मग दुसरी वायर. बंद-चालू करायचं असेल तर क्रम पाळा : आधी फायबरची डबी आणि राऊटर, दोन-तीन मिनिटं थांबून हब, आणि शेवटी कॅमेरे.

विजेचं दुखणं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी लक्षात येणारं. कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि रात्री वारंवार बंद पडतो, असं असेल तर अॅडॉप्टरवर संशय घ्या. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त करंट लागतो. कमजोर अॅडॉप्टर तो देऊ शकत नाही, कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो. पाच व्होल्ट दोन अँपिअरच्या जागी फोनचा जुना एक अँपिअरचा चार्जर लावला की हेच होतं. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर जोडली तरी होतं. गॅलरीतल्या पिनला पावसाचं पाणी लागून हिरवट गंज चढतो, तोही बघा.

आता हवेतली कडी. घरातले बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. नवे राऊटर २.४ आणि ५ असे दोन पट्टे देतात आणि दोघांचं नाव एकच ठेवतात. जोडणी करताना फोन ५ वर असतो, कॅमेऱ्याला ते दिसतच नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींची नावं वेगळी करा, किंवा जोडणी होईपर्यंत ५ बंद ठेवा. सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड राऊटरच्या मागच्या स्टिकरवर असतो, स्टिकरचा फोटो काढून ठेवा.

आमच्या घरचा दोष इथेच होता. वीज गेली, परत आली, राऊटर नव्याने सुरू झाला. त्याचं चॅनल ‘ऑटो’वर होतं, आणि गर्दी बघून तो १३ नंबरच्या चॅनलवर गेला. भारतात १३ चालतं, आमच्या फोनलाही दिसत होतं. पण काही कॅमेऱ्यांना फक्त १ ते ११ चॅनल दिसतात. म्हणजे घरात वायफाय जोरात, अम्मींचा यूट्यूब चालू, आणि कॅमेऱ्याच्या दृष्टीने घरात वायफायच नाही! माझ्या अकरावीतल्या मुलाने फोनवरच्या वायफाय तपासणीच्या अॅपमध्ये हे पकडलं. चॅनल ६ वर कायमचं ठेवलं आणि दोन मिनिटांत कॅमेरा जोडला गेला. १, ६ आणि ११ ही तीन एकमेकांवर चढत नाहीत, शेजाऱ्यांचे राऊटर कोणत्यावर आहेत ते बघून यातलं मोकळं निवडा.

राऊटरची जागाही बघा. लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे, शोकेसच्या आत राऊटर ठेवतात आणि मग रेंज नाही म्हणतात. आरसीसीची भिंत, लोखंडी सेफ्टी डोअर आणि पत्र्याचं शेड हे वायफायचे दुश्मन. कॅमेरा जिथे आहे तिथे फोन धरून उभे राहा. फोनलाच एक दांडी दिसत असेल तर कॅमेऱ्याला काय दिसणार?

राऊटर बदलला, किंवा पाहुण्यांना दिलेला पासवर्ड बदलला, तर सगळे कॅमेरे एकदम गळतात. यावर सोपा उपाय असा की नव्या राऊटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षर न अक्षर द्या, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ ठेवा, कॅमेरे आपणहून परत येतात. पासवर्ड बाहेर गेला म्हणूनच बदलला असेल तर मात्र एकेक कॅमेरा नव्याने जोडण्याला पर्याय नाही. काही घरांत केबलवाल्याची डबीही वायफाय देते आणि आपला राऊटरही. हब एकावर आणि फोन दुसऱ्यावर असला की ते एकमेकांना भेटत नाहीत. डबीचं वायफाय बंद करा, सगळं एकाच राऊटरवर आणा.

सोसायटीतल्या वायरवाल्या कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. तिथे पीओई स्विच एकाच वायरने वीज आणि डेटा दोन्ही पाठवतो. साध्या प्रकारात एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॉट, आणि वायरची मर्यादा १०० मीटर. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त वायर वापरली असेल तर लांबचे कॅमेरे रात्री गळतात. कमिटीने बिलावर ‘शुद्ध तांबं’ लिहून घ्यावं. दोन कॅमेऱ्यांना एकच आय.पी. पत्ता मिळाला तरी आळीपाळीने एक दिसतो, एक गायब होतो. राऊटरमध्ये प्रत्येकाला पत्ता राखून ठेवला की हे थांबतं.

परदेशातल्या भावाला चित्र अडकत-अडकत दिसतं, तेव्हा आपण त्याच्या इंटरनेटला दोष देतो. बहुधा दोष आपल्या अपलोडचा असतो. पूर्ण एचडी चित्राला एका कॅमेऱ्यामागे साधारण दोन एमबीपीएस अपलोड लागतं. तीन कॅमेरे आणि मुलांचा ऑनलाइन क्लास एकदम चालला की संपलं. त्याला एचडीऐवजी एसडी चित्र बघायला सांगा, रेकॉर्डिंग एचडीतच राहील.

चित्र दिसतंय याचा अर्थ रेकॉर्डिंग होतंय असा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या बदलापुरात शाळेतल्या लहान मुलींच्या बाबतीत जे घडलं, त्यानंतर सीसीटीव्ही फुटेजचा प्रश्न किती पेटला होता हे इथल्या प्रत्येक आईला आठवत असेल. त्याच महिन्यात राज्य सरकारने शाळांमध्ये कॅमेरे बसवण्याबाबत शासन निर्णय काढला. घरातही कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड वर्ष-दोन वर्षांत झिजतं आणि अॅप नेहमीच ओरडून सांगत नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग उघडून बघते आणि घड्याळाची वेळ बरोबर आहे ना तेही तपासते. चुकीची वेळ असलेलं फुटेज पोलीस ठाण्यात घेऊन गेलात तर पहिला प्रश्न त्यावरच येईल. कार्ड घेताना ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या.

आणि एक गोष्ट, जी बायकांनी तरी नक्की तपासावी. कॅमेरा बसवणारा माणूस बरेचदा स्वतःच्याच फोनवर तो नोंदवतो आणि आपल्याला ‘शेअर’ करून देतो. म्हणजे मालक तो, आपण पाहुणे. तुमच्या हॉलचं चित्र त्याच्या खिशात आहे! अॅपमध्ये ‘डिव्हाइस शेअरिंग’ उघडा. मालक म्हणून तुमचा नंबर नसेल तर त्याला त्याच्या खात्यातून कॅमेरा काढायला लावा आणि स्वतःच्या नावावर जोडा. रिसेटची खरी गरज इथे आहे. कंपनीने दिलेला पासवर्डही बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले असे हजारो कॅमेरे आणि राऊटर फक्त मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते, आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सायबर सुरक्षेच्या चाचणीचे नियम लागू झाले आहेत, नवीन घेताना दुकानदाराला त्याबद्दल विचारा.

आमच्या घरी आता एक कॅमेरा दारावर आणि एक हॉलमध्ये, तोही फक्त दरवाजाकडे तोंड केलेला. दारावरचा थोडा फिरवून घेतला, कारण त्यात काकूंचं दार येत होतं. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण मलाच बरं वाटेना. आणि राऊटरला एक छोटा यूपीएस लावला आहे, वीज गेली तरी तो तीनेक तास चालतो. कॅमेऱ्याला मात्र वेगळी पॉवर बँक लावावी लागली, कारण नुसता राऊटर जागा राहून उपयोग नाही. ती बॅटरी फुगलेली नाही ना, हे दर पावसाळ्याआधी बघावं लागतं.