वहिवाट, नकाशा आणि दहा शेजारी

पेद्रो आल्वारेस काब्राल मार्च १५०० मध्ये तेरा जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला, तो हिंदुस्थानात येण्यासाठी. वास्को द गामाने कालिकतची वाट दाखवून दोन वर्षंही झाली नव्हती आणि पोर्तुगालच्या राजाला तिथे आता व्यापार बसवायचा होता. वारा पकडत पकडत ताफा अटलांटिकमध्ये पश्चिमेला फार आत गेला आणि २२ एप्रिलला समोर जमीन दिसली. काब्राल तिथे दहाएक दिवस थांबला, एका जहाजाबरोबर राजाला बातमी धाडली आणि उरलेला ताफा घेऊन पुन्हा आपल्या वाटेला लागला. सप्टेंबरात तो कालिकतला पोचलासुद्धा. वाटेत लागलेली ती जमीन म्हणजे ब्राझील. पुढे तिथूनच पोर्तुगीजांनी गोव्यात काजू आणला.

त्या किनाऱ्यामागे आज ८५ लाख चौरस किलोमीटरांचा, म्हणजे भारताच्या अडीचपटींहूनही मोठा देश आहे. त्याची जमिनीवरची हद्द १६ हजार किलोमीटरांहून लांब आहे आणि तिला दहा शेजारी लागतात : उरुग्वे, अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया, पेरू, कोलंबिया, व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम आणि फ्रेंच गयाना. दक्षिण अमेरिकेत ब्राझीलला लागून नाहीत असे देश दोनच, चिली आणि इक्वाडोर. फ्रेंच गयाना हा फ्रान्सचाच प्रांत असल्यामुळे फ्रान्सची सर्वांत लांब भूसीमा युरोपातल्या कोणाशी नाही, ब्राझीलशी आहे. ती ७३० किलोमीटरांची आहे.

ब्राझीलच्या या साऱ्या सीमेचं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते तिचं वय आणि तिची शांतता. १८७० नंतर ब्राझीलने हद्दीसाठी एकाही शेजाऱ्याशी युद्ध पुकारलेलं नाही. आपल्यासारख्या, सीमेचं नाव काढलं की बंदूक आठवणाऱ्या देशातल्या वाचकाने हे कसं घडलं ते नीट पाहावं, आणि त्यात कोण भरडलं गेलं तेही.

सुरुवात एका रेषेने झाली. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी ७ जून १४९४ रोजी तोर्देसिल्यास गावी करार करून केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीग अंतरावर उत्तर-दक्षिण रेघ कल्पिली. पूर्वेकडचं पोर्तुगालचं, पश्चिमेकडचं स्पेनचं. ज्यांच्या भूमीवरून ही रेघ गेली त्यांना तिचा पत्ताही नव्हता. ती तशीच टिकली असती तर आजचा ब्राझील पूर्व किनाऱ्यालगतच्या एका पट्ट्याएवढा राहिला असता. ॲमेझॉनचं बहुतेक खोरं स्पेनच्या वाट्याला जात होतं.

पण रेघ जागेवर कोणी आखलेली नव्हती आणि माणसं थांबली नाहीत. १५८० ते १६४० या काळात दोन्ही देशांवर एकच राजा होता, त्यामुळे रेघ ओलांडणाऱ्याला अडवण्याचं कारणही उरलं नाही. साव पावलोहून निघणाऱ्या टोळ्या आतल्या मुलखात शिरल्या. त्यांना ‘बांदेइरांती’ म्हणत. माणसं पकडून गुलाम करणं हा त्यांचा धंदा. सोनं नंतर आलं. ब्राझीलच्या पाठ्यपुस्तकांत त्यांची वर्णनं दीर्घकाळ शूर वाटाड्यांची होती, पण त्यांनी ग्वारानी या मूलनिवासींच्या वस्त्या उजाड केल्या हे त्याच इतिहासाचं दुसरं पान आहे. १६३७ ते १६३९ मध्ये पेद्रो तेशेइराने होड्या घेऊन ॲमेझॉनच्या मुखापासून थेट किटोपर्यंत मजल मारली. अठराव्या शतकात कुयाबाजवळ सोनं सापडलं आणि पोर्तुगीज वस्ती खंडाच्या मध्यावर जाऊन बसली.

या कब्ज्याला कायद्याचं रूप दिलं अलेशांद्रे द गुझमाव या माणसाने. तो ब्राझीलमधल्या सांतोस बंदरात जन्मला आणि लिस्बनला राजाचा चिटणीस झाला. १३ जानेवारी १७५० च्या माद्रिद करारामागचा मेंदू त्याचा. करारात तोर्देसिल्यासची रेघ सोडून देण्यात आली आणि नवं तत्त्व आलं : ज्याची वहिवाट, त्याची जमीन, आणि हद्द शक्यतो नद्या-डोंगरांवरून जावी. वाटाघाटींसाठी पोर्तुगालने १७४९ मध्ये खास नकाशा तयार करवला. त्यात पश्चिमेकडचा मुलूख पूर्वेला सरकवून दाखवलेला होता, म्हणजे पोर्तुगीजांनी रेघेपलीकडे किती गिळलं आहे ते स्पॅनिश मंत्र्यांच्या नजरेत भरू नये. नकाशा पुराव्यासाठी असतो असं आपण मानतो. हा नकाशा समजूत घालण्यासाठी काढला होता, आणि त्याने काम केलं.

त्याच करारात एक अदलाबदल होती. प्लाता नदीवरचं साक्रामेंतो हे ठाणं पोर्तुगालने सोडायचं आणि बदल्यात उरुग्वे नदीच्या पूर्वेकडच्या सात ग्वारानी वस्त्या घ्यायच्या. जेझुइट पाद्र्यांच्या देखरेखीखाली वसलेल्या त्या गावांत देवळं होती, शेती होती, गुरं होती. सुमारे तीस हजार माणसांना सांगितलं गेलं की गाव सोडा आणि नदीपलीकडे जा. ते गेले नाहीत. सेपे तियाराजु याच्या नेतृत्वाखाली लढले. फेब्रुवारी १७५६ मध्ये तो मारला गेला आणि तीनच दिवसांनी कायबोआतेच्या मैदानात दोन साम्राज्यांच्या एकत्र फौजेने सुमारे पंधराशे ग्वारानी कापून काढले. स्पेन आणि पोर्तुगाल तोवर शतकानुशतकं भांडत आले होते. इथे मात्र खांद्याला खांदा लावून लढले. वहिवाटीचं तत्त्व लिहून सहा वर्षं झाली होती आणि तिथली सर्वांत जुनी वहिवाट ग्वारानींची होती.

१८२२ मध्ये ब्राझील स्वतंत्र झाला, तेव्हा वारशाने आलेली हद्द बऱ्याच ठिकाणी धूसर होती. दक्षिणेला रक्त सांडलं. उरुग्वेचा प्रांत ब्राझीलने गिळला होता. त्यावरून अर्जेंटिनाशी तीन वर्षं युद्ध झालं आणि १८२८ मध्ये उरुग्वे स्वतंत्र देश झाला. १८६४ ते १८७० चं पॅराग्वेचं युद्ध तर दक्षिण अमेरिकेतलं सर्वांत संहारक. ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे एका बाजूला, पॅराग्वे एकटा. पॅराग्वेचा इतका नाश झाला की तो पिढ्यान् पिढ्या सावरला नाही. ब्राझीलच्या शांत सीमेचं कौतुक करताना हे युद्ध वगळणं अप्रामाणिकपणाचं होईल.

यानंतर एक असा माणूस येतो ज्याचं हत्यार दप्तर होतं. जोझे मारिया दा सिल्वा परान्योस, रिओ ब्रांकोचे बॅरन. जन्म १८४५ चा. वडील पंतप्रधान झालेले; गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मणारं मूल स्वतंत्र ठरवणारा १८७१ चा कायदा त्यांचा. मुलाला मात्र इतिहासाचा आणि जुन्या कागदांचा नाद. १८७६ पासून ते लिव्हरपूलला वाणिज्यदूत होते आणि त्या निवांत नोकरीत त्यांनी युरोपातले दप्तरखाने पालथे घातले. १८८९ मध्ये राजेशाही गेली, पण नव्या प्रजासत्ताकालाही हा जुना बॅरन सोडवेना, कारण हद्दीचे कागद त्यांच्याइतके कोणी वाचलेले नव्हते.

पहिला दावा पाल्मासचा, अर्जेंटिनाशी. सुमारे तीस हजार चौरस किलोमीटरांचा मुलूख. भांडण असं की करारात लिहिलेल्या दोन नद्या नेमक्या कोणत्या? लवाद होते अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड. रिओ ब्रांको यांनी माद्रिद कराराच्या वेळच्या सूचना, मोजणीदारांच्या रोजनिशा आणि १७४९ च्या त्या नकाशाची प्रतही पुढे ठेवली. फेब्रुवारी १८९५ मध्ये निकाल पूर्णपणे ब्राझीलच्या बाजूने लागला.

दुसरा दावा थेट फ्रान्सशी, आमापाचा. १७१३ च्या उत्रेख्त करारात एका नदीला हद्द म्हटलं होतं आणि तिची दोन नावं दिली होती. ती ओयापॉक की बरीच दक्षिणेची दुसरी, यावरून अडीच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास जंगल अधांतरी होतं. १८९० च्या दशकात तिथे सोनं निघालं आणि १८९५ मध्ये गोळीबारही झाला. प्रकरण स्वित्झर्लंडच्या सरकारकडे गेलं. बेलेंच्या संग्रहालयाचे प्रमुख एमिल गोएल्डी हे जन्माने स्विस असलेले प्राणिशास्त्रज्ञ. ते ब्राझीलच्या मदतीला बर्नला गेले. १ डिसेंबर १९०० रोजी ओयापॉक हीच हद्द ठरली. फ्रान्ससारखी महासत्ता कागदावर हरली आणि तिने निकाल पाळला.

ब्राझील दर वेळी जिंकला असं मात्र नाही. ब्रिटिश गयानाशी पिराराच्या कुरणांचा वाद इटलीच्या राजाकडे होता. ब्राझीलची बाजू मांडली गुलामी-विरोधी चळवळीचे अग्रणी जोआकिं नाबुको यांनी, अठरा खंडांच्या निवेदनात. १९०४ मध्ये राजाने मोठा हिस्सा ब्रिटनला दिला. ब्राझीलने तो निकाल मान्य केला. माझ्या मते जिंकलेल्या दोन दाव्यांपेक्षा हा एक हरलेला दावा ब्राझीलची पत अधिक सांगतो.

आक्रेची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची. १८६७ च्या कराराने हा मुलूख बोलिव्हियाचा होता, हे ब्राझीलनेच मान्य केलेलं. पण तिथे रबराची झाडं होती आणि १८७७ च्या भीषण दुष्काळाने ईशान्य ब्राझीलमधून देशोधडीला लागलेली हजारो माणसं चीक काढायला तिथेच गेली. ला पाझहून त्या जंगलात धड रस्ता नव्हता. बोलिव्हियाने १८९९ मध्ये जकात नाकं बसवलं तेव्हा बंड पेटलं. लुइस गाल्वेस नावाच्या स्पॅनिश माणसाने त्याच वर्षी १४ जुलैला ‘आक्रेचं प्रजासत्ताक’ जाहीर केलं. ते फार टिकलं नाही. मग बोलिव्हियाने हा सारा प्रदेश अमेरिकी-ब्रिटिश भांडवलदारांच्या कंपनीला चालवायला देण्याचा करार केला. ॲमेझॉनमध्ये परक्या कंपनीचं राज्य येणार या विचाराने ब्राझील हादरला. ६ ऑगस्ट १९०२ रोजी शापुरीत प्लासिदो द कास्त्रो याने रबर-मजुरांना घेऊन उठाव केला आणि पुढच्या जानेवारीत बोलिव्हियाच्या सैन्याने शरणागती पत्करली.

रिओ ब्रांको नुकतेच परराष्ट्रमंत्री झाले होते. कागद आपल्या विरुद्ध आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी या वेळी लवाद टाळला आणि सौदा केला. आधी कंपनीला पैसे देऊन दूर केलं. मग १७ नोव्हेंबर १९०३ च्या पेत्रोपोलिस करारात बोलिव्हियाला २० लाख पौंड, थोडी जमीन आणि मादेइरा-मामोरे रेल्वेचं वचन दिलं. ब्राझीलला मिळाले सुमारे १ लाख ९१ हजार चौरस किलोमीटर. फार दिलं म्हणून त्यांचे वाटाघाटींतले सहकारी रुइ बार्बोझा बाहेर पडले. बोलिव्हियाच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं आहे. समुद्रकिनारा चिलीशी झालेल्या युद्धात आधीच गेलेला, आता रबराचं जंगल गेलं. रेल्वे बांधताना हिवताप आणि इतर रोगांनी हजारो मजूर मेले. १९१२ मध्ये ती पुरी झाली, तोच मलाया-सिलोनच्या मळ्यांतल्या रबराने ॲमेझॉनचा बाजार बसवला. ते मळे उभे राहिले ते हेन्री विकमने १८७६ मध्ये ब्राझीलमधून नेलेल्या बियांवर.

१९०९ मध्ये रिओ ब्रांको यांनी जे केलं त्याला मी त्यांच्या सगळ्या विजयांच्या वर ठेवतो. १८५१ च्या कराराने मिरिं सरोवर आणि जाग्वाराव नदी यांवर एकट्या ब्राझीलचा हक्क होता. पलीकडच्या काठावर राहणाऱ्या उरुग्वेच्या माणसाला त्या पाण्यात होडी घालता येत नव्हती. उरुग्वे दशकानुदशकं मागणी करत होता, पण बळ त्याच्यापाशी नव्हतं. रिओ ब्रांको यांनी काहीही मोबदला न घेता दोन्हींत उरुग्वेला वाटा दिला. जाग्वारावच्या उरुग्वेकडच्या काठावरच्या गावाचं नाव आज रिओ ब्रांको आहे. मोठ्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्याचं नाव लहान शेजाऱ्याने आपल्या गावाला द्यावं, अशी उदाहरणं जगात किती सापडतील?

त्या पायावर पुढचं बरंच उभं राहिलं. सांताना दो लिव्रामेंतो आणि उरुग्वेचं रिवेरा ही दोन गावं एकमेकांत मिसळलेली आहेत. रस्त्याचा एक पदर या देशात, दुसरा त्या देशात, मध्ये १९४३ पासून दोघांची मिळून बाग. पॅराग्वेशी पाराना नदीवरच्या सेते केदास धबधब्याजवळ १९६० च्या दशकात हद्दीचा तंटा उभा राहिला. तोडगा म्हणून १९७३ मध्ये इताइपु धरणाचा करार झाला : १४ हजार मेगावॉट, निम्मी वीज याची, निम्मी त्याची. धरणाच्या पाण्याखाली १९८२ मध्ये धबधबाच गेला आणि ग्वारानींची गावंही गेली. डिसेंबर २०२३ मध्ये व्हेनेझुएलाने सार्वमत घेऊन गयानाच्या एसेकिबो प्रदेशावर दावा पुढे रेटला, तेव्हा ब्राझीलने सीमेवरच्या रोराइमा राज्यात सैन्य वाढवलं, कारण व्हेनेझुएलाहून तिकडे चिलखती गाड्या नेण्याजोगा रस्ता ब्राझीलच्या भूमीतूनच जातो. त्याच वेळी दोन्ही शेजाऱ्यांना बोलणीच्या टेबलाशी आणण्यातही ब्राझीलने पुढाकार घेतला. त्याच रोराइमातल्या पाकाराइमा नाक्यातून व्हेनेझुएलाचे लाखो निर्वासित आत आले आणि २०१८ पासून सरकारने त्यांच्यासाठी निवारे चालवले.

पण याच सीमेवर यानोमामी हे मूलनिवासी राहतात, काही ब्राझीलमध्ये, काही व्हेनेझुएलात. १९९२ मध्ये त्यांच्या ९६ लाख हेक्टर भूमीची अधिकृत आखणी झाली, तरी सोनं काढणारे घुसत राहिले. पारा नद्यांत गेला, उपासमार आणि हिवताप वाढला आणि जानेवारी २०२३ मध्ये सरकारला तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने मूलनिवासींचा त्यांच्या परंपरागत भूमीवरचा हक्क मान्य केला आहे. मोठ्या जमीनमालकांचं म्हणणं असं की ५ ऑक्टोबर १९८८ या दिवशी जी जमीन प्रत्यक्ष ताब्यात होती तेवढीच त्यांची. ज्यांना आधीच हाकलून दिलं होतं त्यांनी त्या दिवसाचा ताबा कुठून दाखवायचा? सांता कातारिना राज्यातल्या शोक्लेंग लोकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हे म्हणणं फेटाळलं. ब्राझीलच्या संसदेने त्याच वर्षअखेरीस अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून नेमका तोच नियम कायद्यात घातला.

ब्राझीलने आपली निम्म्याहून अधिक भूमी वहिवाटीच्या तत्त्वावर मिळवली, राजांपुढे आणि लवादांपुढे तेच तत्त्व मांडून टिकवली. शोक्लेंग, ग्वारानी आणि यानोमामी यांना तेच तत्त्व नाकारण्याचा अधिकार त्या देशाला नाही.