वर्गात अळी पाळताना

प्राणिशास्त्र म्हटले की जुन्या विद्यार्थ्यांना मेणाच्या ट्रेमध्ये टाचलेला बेडूक आठवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 साली महाविद्यालयांतील विच्छेदन बंद केले, हे योग्यच झाले. परंतु बेडकाच्या जागी नुसता तक्ता आला, तर विद्यार्थ्याला जीव कळणार कसा? जिवंत प्राणी वर्गात ठेवूनही शिकविता येते. त्यासाठी पोपट किंवा कासव आणू नये. देशी पोपट व कासव पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिर्डी-राहाता परिसरात लिंबाचे वा कढीपत्त्याचे झाड पुरेसे आहे.

या झाडांच्या कोवळ्या पानांवर एक काळे-पिवळे फुलपाखरू बारीक, गोल, फिकट पिवळे अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते. सुरुवातीला ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी फसतात. चौथ्यांदा कात टाकली की ती हिरवीगार होते. काडीने हळूच स्पर्श करा; डोक्यामागून दुभागलेले नारिंगी शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. हा वास कोणत्या तक्त्यावर येणार?

अंड्यासह फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवावी. बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर अळी पाण्यात पडून मरते. वरून मच्छरदाणीचे कापड बांधावे. रोज ताजी पाने द्यावीत, खालची घाण काढावी, हात धुवावेत, आणि अळीची लांबी व खाल्लेली पाने वहीत लिहावीत. रविवारी पाने कोण घालणार, हे शनिवारीच ठरवावे. अळीला सुटी नसते! पाने मात्र फवारलेल्या बागेतील नकोत. तशा पानांनी सगळ्या अळ्या मरतात.

येथे एखादा शेतकऱ्याचा मुलगा हमखास विचारतो, "सर, आमचे दादा हिच्यावरच औषध मारतात. मग आपण हिला का पाळायचे?" हा प्रश्न शिक्षकांनी टाळू नये. ही अळी रोपवाटिकेतील लहान रोपांचा पाला फस्त करते, हे खरेच आहे. मोठ्या झाडाचे मात्र त्या मानाने फारसे बिघडत नाही. एका अळीने किती पाने खाल्ली, याची नोंद वर्गाकडे असतेच. एका रोपावर किती अळ्या परवडतील आणि फुलपाखरू कोठे सोडावे, याचा हिशेब मुलांनाच करू द्यावा.

सुमारे दोन आठवड्यांनी अळी रेशमाच्या धाग्याने स्वतःला फांदीला बांधून कोष करते. पुढे आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघते. पंख वाळेपर्यंत त्याला हात लावू नये, मग मोकळ्यावर सोडावे. बाहेरून आणलेल्या एखाद्या कोषातून मात्र फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्यांचा थवा निघतो. मुले हिरमुसतात. अशा वेळी त्यांना सांगावे की या माश्यांनी कोषात अंडी घातली होती, त्यांची पिल्ले आतला जीव खाऊन वाढली, आणि लिंबावरच्या अळीला आवर घालणारे हे फुकटचे राखणदार फवारणीत अळीबरोबरच मरतात.