जमीन घेण्याआधी मुंतखब वाचा

येलदरी-जिंतूर भागात जमीन घेताना विक्रेता कधी कधी निजामाच्या काळातला उर्दू कागद, 'मुंतखब', पुढे करतो. मोहोर पाहून आपले व्यापारी बंधू इसार देऊन मोकळे होतात. मुंतखब ही इनामाची व वारसाची मंजुरी, खरेदीखत नव्हे. त्यात आम्ही प्रथम एकच शब्द शोधतो. उर्दू शाळेचा एवढा तरी फायदा! मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेली जमीन. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने अशी इनामे सरकारजमा होऊन, ठरावीक रक्कम भरून कब्जेदारांकडे आली. मशीद, दर्गा वा देवळाच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश मात्र त्यातून वगळली. सातबारावर सेवेकऱ्याचे नाव दिसले तरी ती विकण्याचा हक्क त्याला नाही. मदतमाश असली तरी फेरफार आणि नजराण्याची पावती इसाराआधीच मागावी.