घराणं नसलेल्या नाचाचं बिऱ्हाड

जानेवारी १९८४ मध्ये मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत एक वेगळाच मेळावा भरला. नाव होतं ‘ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर’. पुढाकार मॅक्स म्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राच्या गेऑर्ग लेश्नर यांचा. अहमदाबादहून कथकच्या कुमुदिनी लाखिया आल्या होत्या, जर्मनीहून सुझान लिंके. भरतनाट्यम आणि ओडिसी या दोन्ही शैलींत नाव कमावलेल्या सोनल मानसिंहही होत्या. नाचून दाखवायचं आणि मग आपण असं का नाचतो, याचं उत्तर इतर नर्तकांसमोर द्यायचं, असा तो मामला होता. आपल्याकडे नर्तकाला टाळ्या मिळतात, पुरस्कार मिळतात. पण समव्यवसायींनी समोर बसून उलटतपासणी घ्यावी, ही रीत नव्हती.

या मेळाव्यात सर्वांत जास्त चर्चा झाली ती चंद्रलेखा यांची. जन्म १९२८ चा, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा इथला. भरतनाट्यम शिकल्या त्या कांचीपुरम एल्लप्पा पिल्लै यांच्याकडे. १९५२ मध्ये रायलसीमेतल्या दुष्काळनिधीसाठी त्या आपला पहिला जाहीर कार्यक्रम करत होत्या. पदात यमुनेच्या भरल्या पाण्याचं वर्णन होतं आणि डोळ्यांपुढे येत होती भेगाळलेल्या जमिनीची वर्तमानपत्रांतली छायाचित्रं. हाताच्या मुद्रा पाणी दाखवत होत्या आणि कार्यक्रम होता पाणी नसलेल्यांसाठी. ही विसंगती त्यांना आयुष्यभर छळत राहिली. १९७२ च्या ‘नवग्रह’नंतर त्या रंगमंचापासून दूरच होत्या, भित्तिपत्रकं, लेखन, स्त्री-चळवळ यांत रमल्या होत्या. १९८४ च्या मेळाव्यानं त्यांना परत आणलं आणि पुढच्याच वर्षी ‘अंगिका’ आली. भरतनाट्यम, कळरिपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग यांच्यातलं नातं शोधणारी ही रचना देवकथेच्या कुबड्या न घेता थेट शरीराबद्दल बोलत होती.

पुढच्या चाळीस वर्षांत भारतात समकालीन नृत्याचे जे स्वतंत्र महोत्सव झाले, त्यांचा धागा या मेळाव्यापर्यंत जातो. शास्त्रीय नृत्याला गुरू असतो, परंपरा असते, दक्षिणेत सभा असतात, सणवार असतात. समकालीन नृत्याला यांतलं काहीच नाही. त्याला जे मिळतं ते महोत्सवापुरतं आणि तेही भाड्याचं. घराणं नसलेल्या नाचाचं हे बिऱ्हाड आहे. पण या नाचाची शाळा, मंच, समीक्षा आणि स्मरण, सगळं याच बिऱ्हाडात थाटलं गेलं.

मुंबईचं विसरलेलं पान

मेळावा मुंबईत भरला, त्याला या शहराची पूर्वपीठिकाही होती. नर्तक उदय शंकर यांचं अल्मोड्याचं नृत्यकेंद्र चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडलं आणि तिथले कलावंत विखुरले. त्यांतले शांती बर्धन अंधेरीत ‘इप्टा’ या जननाट्य संघाच्या मध्यवर्ती पथकाशी जोडले गेले. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही नृत्यनाट्यं या पथकानं गावोगाव नेली. १९५२ मध्ये बर्धन यांनी लिट्ल बॅले ट्रूप काढला. माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखं नाचवणारं त्यांचं ‘रामायण’ बरंच गाजलं. सचिन शंकर यांनीही आपलं बॅले युनिट मुंबईतच उभं केलं. याच शहरात पार्वतीकुमार यांनी एकीकडे नृत्यनाट्यं बसवली आणि दुसरीकडे तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी नृत्यरचना अभ्यासून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या.

साठ-सत्तरच्या दशकांत मात्र हा प्रवाह रोडावला. नृत्यनाट्य करायचं तर वीस-पंचवीस माणसं, वाद्यवृंद, कपडे आणि दौऱ्याचा खर्च. शास्त्रीय नृत्याचा एकल कार्यक्रम त्या मानानं स्वस्त, आणि राष्ट्राची ओळख म्हणून परदेशी पाठवायलाही सोयीचा. सरकारी आणि पर्यटन खात्यांचे महोत्सव सुरू झाले. खजुराहोचा १९७५ मध्ये. प्राचीन देवळाच्या पार्श्वभूमीवर शास्त्रीय नर्तक, असं त्यांचं चित्र ठरून गेलं. संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारांत सर्जनशील आणि प्रयोगशील नृत्याचा स्वतंत्र प्रकार आहे. पण पुरस्कार मिळतो काम झाल्यावर. काम करायला जागा कुठली, हा प्रश्न तसाच राहिला.

तीन शहरं, तीन स्वभाव

या प्रश्नावरची उत्तरं तीन शहरांतून आली. पहिलं चेन्नईतून, आणि त्याचं नावच बोलकं होतं : ‘द अदर फेस्टिव्हल’. अनिता रत्नम आणि रणवीर शाह यांनी तो १९९८ मध्ये सुरू केला. डिसेंबरमध्ये मार्गळी महिन्याच्या तोंडावर चेन्नईत संगीत-नृत्याचा जगप्रसिद्ध हंगाम सुरू होतो. शेकडो मैफली, भरतनाट्यमचे कार्यक्रम, सभांची उपाहारगृहं. हा महोत्सव त्या हंगामाच्या ऐन उंबरठ्यावर, डिसेंबरच्या सुरुवातीला, एग्मोरच्या जुन्या म्युझियम थिएटरमध्ये भरायचा. सर्वांत सनातनी नृत्यनगरीत, तिच्याच हंगामाला खेटून ‘दुसरं’ काहीतरी दाखवण्यात एक मिश्कील धाडस होतं. जवळपास दशकभर हा महोत्सव चालला. मार्गळीच्या प्रेक्षकातला एक छोटा हिस्सा तरी त्यानं अनोळखी नाचापुढे शांत बसायला शिकवला.

बंगळुरूची तऱ्हा निराळी. जयचंद्रन पालाळी यांच्या पुढाकारानं १९९२ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘आट्टक्कळरी’नं आधी संस्था बांधली आणि २००० पासून दर दोन वर्षांनी आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवायला सुरुवात केली. लंडनला समकालीन नृत्य शिकून आलेल्या जयचंद्रन यांनी कळरिपयट्टू, भरतनाट्यम आणि पाश्चात्त्य तंत्र यांना एकाच अभ्यासक्रमात आणलं. महोत्सवाला जोडून तरुण नृत्यरचनाकारांसाठी निवासी कार्यशाळा ठेवली. बाहेरच्या देशांतून आलेले नर्तक प्रयोग करून लगेच विमान धरत नसत, वर्गही घेत. नृत्यसंच येतो, दिपवतो आणि जातो, मागे काही उरत नाही, हा महोत्सवांचा जुना रोग. त्यावरचं हे औषध होतं.

दिल्लीत २००७ मध्ये काही नर्तकांनी एकत्र येऊन ‘गती डान्स फोरम’ स्थापन केला. अनुषा लाल आणि मनदीप रैखी ही त्यांतली ठळक नावं. त्यांनी आधी उन्हाळी निवासी शिबिरं घेतली. तरुण रचनाकाराला काही आठवडे तालमीची जागा आणि प्रश्न विचारणारे मार्गदर्शक द्यायचे, शेवटी जे तयार होईल ते लोकांपुढे ठेवायचं. त्या कामातून २०१० मध्ये ‘इग्नाइट’ हा महोत्सव उभा राहिला. नर्तकांनी नर्तकांसाठी चालवलेल्या या महोत्सवात रंगमंचावरच्या प्रयोगांबरोबर परिसंवाद, कार्यशाळा आणि नृत्यपट असत. पुढे ‘गती’च्या सहकार्यानं दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात नृत्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू झाला. महोत्सवातला वाद विद्यापीठाच्या वर्गात पोचण्याचं असं उदाहरण आपल्याकडे विरळाच.

एकासारखा दुसरा नाही

अशा महोत्सवाला पहिल्यांदा गेलेला प्रेक्षक गोंधळतो. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला जाताना अलारिप्पू ते तिल्लाना हा क्रम बहुतेकांना ठाऊक असतो, कथकची तिहाई समेवर आली की हात आपोआप टाळीला जातात. इथे प्रत्येक प्रयोग आपले नियम घेऊन येतो. गेल्या दोन-तीन दशकांत या वर्तुळातून पुढे आलेली काही कामं पाहिली म्हणजे वैविध्य किती खोल आहे ते समजतं.

पद्मिनी चेत्तूर शिकल्या रसायनशास्त्र आणि १९९१ पासून दहा वर्षं नाचल्या चंद्रलेखांच्या संचात. स्वतःच्या रचनांमध्ये त्यांनी भरतनाट्यममधला अभिनय, पदन्यासाचा नाद आणि वेग काढून टाकला, ठेवली ती रेषा आणि वजन. ‘वॉल डान्सिंग’ ही त्यांची २०१२ ची रचना सुमारे तीन तास चालते, कलादालनात. नर्तिका भिंतीला लागून अतिशय सावकाश हलतात. प्रेक्षकानं बसावं, उठावं, हवं तिथून पाहावं. मान वळायला लागणारा वेळ हाच इथे कथाभाग. कुणाला यात ध्यान दिसतं, कुणाला निव्वळ कंटाळा. दोघांनाही तसं म्हणायचा हक्क आहे.

चेन्नईच्याच प्रीती आत्रेय यांच्या ‘कंडिशन्स ऑफ कॅरिज’मध्ये याच्या उलट. दहा माणसं, चौरस आखलेलं मैदान, चारही बाजूंना प्रेक्षक आणि उड्या. एकमेकांचा अंदाज घेत, मोजून, दमेपर्यंत मारलेल्या उड्या. २०१५ च्या या रचनेतले सगळे जण व्यावसायिक नर्तकही नव्हते. धाप, घाम, चुकलेला ठेका यांतलं काही लपवलेलं नसतं. समूहात राहायचं तर स्वतःच्या शरीराला कशाकशाशी जुळवून घ्यावं लागतं, हे शब्दाविना कळत जातं.

मनदीप रैखी यांची २०१६ ची ‘क्वीन-साइझ’ एका चारपाईवर घडते. दोन पुरुष, त्यांची जवळीक आणि भोवती हाताच्या अंतरावर बसलेले प्रेक्षक. चित्रपटकार निशित सरन यांनी समलैंगिकतेच्या हक्कांबद्दल लिहिलेल्या लेखातून तिची ठिणगी पडली. भारतीय दंडविधानाचं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा लागू केलं होतं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द ठरवलं. मधल्या वर्षांत ही रचना बघणं म्हणजे कायद्यानं गुन्हा ठरवलेल्या गोष्टीचं साक्षीदार होणं होतं. घोषणा एकही नाही. करकरणारी बाज आणि दोन शरीरं एवढंच.

आणि अस्ताद देबू. नवसारीत जन्मलेला, जमशेदपूरला वाढलेला, मुंबईत कॉलेज केलेला हा पारशी नर्तक लहानपणी कथक शिकला, मग जग पालथं घालून ग्रॅहम तंत्र हे पाश्चात्त्य आधुनिक नृत्य शिकून आला, मग कथकलीकडे वळला. पुंग चोलोम या मणिपूरच्या ढोलनृत्यातल्या वादकांना त्यांनी मंचावर आणलं. कर्णबधिर मुलामुलींसोबत वर्षानुवर्षं रचना केल्या. ऐकू न येणारी मुलं डोळ्यांनी आणि मोजणीनं ताल धरतात. संगीताशिवाय लय असू शकते का, या समीक्षकांच्या आवडत्या प्रश्नाचं ते चालतंबोलतं उत्तर होतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत देबू गेले. त्यांच्यामागे शैलीचा झेंडा घेऊन चालणारं घराणं नाही आणि त्यांनी ते उभारलंही नाही.

म्हणूनच हे वैविध्य मेजवानीच्या ताटासारखं चाखून पुढे जाण्याचं नाही. यातला प्रत्येक प्रयोग शेजारच्या प्रयोगाला विरोध करतो. संथपणा विरुद्ध दमछाक, शब्दहीनता विरुद्ध राजकीय ठामपणा, प्रशिक्षित शरीर विरुद्ध साधं शरीर. महोत्सव भरवणाऱ्याचं कसब हा वाद एकाच आठवड्यात, एकाच प्रेक्षकासमोर लावून देण्यात असतं. कलाकारही समोरच्या रांगेत बसून एकमेकांचं काम पाहतात. पुढच्या वर्षीची रचना पुष्कळदा त्या रांगेत सुरू होते.

फरशी, दिवे आणि पैसा

हा वाद टिकवायला लागतं ते सामान फार रुक्ष आहे. पहिली गोष्ट फरशी. आपली बहुतेक सभागृहं भाषणं, नाटकं आणि सत्कार समारंभ डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. खाली सिमेंट, वर लाद्या किंवा नुसत्या फळ्या. उड्या मारणाऱ्या, लोळणाऱ्या नर्तकाला लवचीक लाकडी पाया आणि त्यावर न घसरणारा व्हिनाइलचा थर लागतो. नाही तर गुडघे आणि घोटे जातात. दुसरी गोष्ट वेळ. प्रकाशयोजना बसवायला आदला अख्खा दिवस सभागृह हातात हवं, म्हणजे एका प्रयोगासाठी दोन दिवसांचं भाडं. तिसरी तालीम. एका तासाच्या रचनेमागे महिनोन्‌महिने असतात आणि त्या काळात नर्तक खातो काय, याचा हिशेब तिकिटात बसत नाही.

पैसा येतो कुठून? बराच काळ तो परदेशी सांस्कृतिक संस्थांकडून आला : मॅक्स म्युलर भवन, ब्रिटिश कौन्सिल, अलियाँस फ्राँसेज, स्वित्झर्लंडची प्रो हेल्वेशिया. त्यांचे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. पण पैशाबरोबर आवडही येते. कोणता भारतीय प्रयोग ‘समकालीन’ आणि कोणता नुसता ‘पारंपरिक’, याचा निवाडा मग पुष्कळदा पाहुण्यांच्या नजरेनं झाला. देशी पर्यायांत बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या मोजक्याच अनुदान देणाऱ्या संस्था. २०१३ च्या कंपनी कायद्यानं सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी सक्तीचा केला तेव्हा कलाक्षेत्राला आशा वाटली होती. पण कायद्याच्या सातव्या परिशिष्टात भर आहे तो वारशाच्या जतनावर आणि पारंपरिक कला व हस्तकलांच्या विकासावर. नवं काही घडवू पाहणारा नर्तक या चौकटीत सहज बसत नाही. म्हणूनच स्वतंत्र महोत्सवांचं आयुष्य लहान राहतं. दोन-चार माणसांच्या जिवावर ते उभे राहतात आणि ती थकली की मिटतात.

आपल्या दारात काय?

१९८४ चा मेळावा मुंबईत झाला, तरी पुढचे टप्पे चेन्नई, बंगळुरू आणि दिल्लीत पडले. असं का व्हावं? मराठी प्रायोगिक नाटकाशी तुलना केली की एक कारण दिसतं. दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेला मिळालं आणि १९७४ पासून तिथे एक चळवळ उभी राहिली. सभागृह साधं, तिकीट परवडणारं, प्रेक्षक थोडे पण वाद घालणारे. नृत्याला मुंबई-पुण्यात तशी कायमची, स्वस्त, चुकायची मुभा देणारी जागा मिळाली नाही. पणजीत डिसेंबर २०१६ पासून भरणाऱ्या सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हलनं समकालीन नृत्य मराठी-कोंकणी प्रेक्षकाच्या आवाक्यात आणलं खरं. पण तो मोठ्या उद्योगपतीच्या पाठबळावरचा बहुकला महोत्सव आहे. दोन-चार नर्तकांनी पदरमोड करून लावलेल्या वादाची धग तिथे अपेक्षू नये.

दुसरं कारण आपल्या नजरेचं आहे. समकालीन नृत्यानं केरळच्या कळरिपयट्टूकडून, थांग-ता या मणिपूरच्या युद्धकलेकडून, छऊ नृत्याकडून भरभरून घेतलं. लावणीकडे मात्र ते क्वचितच त्या गांभीर्यानं वळलं. बसून केलेली अदाकारी, प्रेक्षकाच्या नजरेला नजर देऊन तिच्याशी केलेला खेळ, ढोलकीशी होणारी सवाल-जवाबाची झटापट हे सगळं शरीर, बघणारा आणि सत्ता यांच्याबद्दलचंच ज्ञान आहे, आणि आजच्या नृत्याचे कळीचे प्रश्नही तेच आहेत. आपण लावणीला एक तर करमणुकीत टाकलं, नाही तर ‘सांस्कृतिक ठेव्या’त. लावणीचंच कशाला, चंद्रलेखांनी १९८९ मध्ये ‘लीलावती’ केली ती भास्कराचार्यांच्या ११५० च्या गणितग्रंथावर. त्या भास्कराचार्यांच्या विद्येसाठी त्यांच्या नातवानं मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. वाडा गावी जन्मलेल्या बाईनं गणिताची कोडी नाचवली, आणि ती कल्पना फुलली चेन्नईत. कच्चा माल आपल्याकडे होता, प्रयोगशाळा नव्हती.

ती उभी करायला भव्य महोत्सव लागत नाही. नाट्यगृहांच्या जीर्णोद्धाराच्या आराखड्यात एक लवचीक फरशीची तालीमखोली, वर्षातून तीन आठवडे नाममात्र भाड्यात एक सभागृह, रचनाकाराला तालमीच्या काळातलं मानधन आणि प्रयोगानंतर तासभर उघडपणे चालणारी चर्चा, एवढ्यावर सुरुवात होते. उरलेलं काम प्रेक्षकाचं. न कळलेल्या प्रयोगाचं तिकीटही स्वतः काढलेलं असावं, आणि नाही आवडलं तर चर्चेत थांबून ते तोंडावर सांगावं. फुकट पासावर आलेला प्रेक्षक उठून जातो. पैसे मोजलेला भांडतो. समकालीन नृत्याला आज कौतुकापेक्षा या भांडणाची गरज जास्त आहे.