सायकलचा बिल्ला कशाने चिकटवावा?



प्लॉटवर गेल्यावर उसाचेच प्रश्न विचारले जातात असे नाही. जवाहरनगर भागातील एका सभासदाच्या खोडव्यात फिरत होतो. पाचट जाळू नका, सरीत दाबा, हे माझे नेहमीचे चालू होते. तेवढ्यात त्यांनी रुमालात बांधलेला सायकलचा बिल्ला काढला. "साहेब, तीनदा चिटकवला, तीनदा पडला. या खेपेस पाचटात सापडला. आता काय लावू ते सांगा."

बिल्ला त्यांच्या वडिलांच्या ॲटलस सायकलचा. वडील येथील आयुध निर्माणीत नोकरीला होते, तेव्हाच्या पगारातून घेतलेली सायकल. आता त्यांना डोळ्यांनी फार कमी दिसते. सायकलवर बसत नाहीत, पण तिच्या आधाराने शेतापर्यंत येतात. चार काळ्या सायकलींतून आपली ओळखायची तर हँडलखालच्या उभ्या पाइपवर अंगठा फिरवतात. खांद्यावर पृथ्वी पेललेला माणूस अंगठ्याला लागला की सायकल आपली. ॲटलस कंपनी 1951 साली सोनीपतला सुरू झाली आणि तिचा साहिबाबादचा कारखाना जून 2020 मध्ये बंद पडला. जुन्या घडणीचा बिल्ला आता दुकानात मागून मिळेलच असे नाही. म्हणून हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही.

पहिल्यांदा त्यांनी सुताराचा पांढरा गोंद लावला होता. हा गोंद पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो. लाकूड पाणी शोषून घेते म्हणून तेथे तो पक्का धरतो. लोखंड आणि बिल्ला यांच्यामध्ये पाणी जाणार कोठे? चिबड जमिनीसारखी गत होते, आतले ओले ते ओलेच राहते.

दुसऱ्या वेळी एका थेंबात चिकटणारा गोंद आणला. याचे मूळ द्रव्य 1942 साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत सापडले, तेही बंदुकीचा नेम धरण्याच्या साधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना. बाजारात ते 1958 मध्ये आले. हवेतल्या दमटपणाने ते क्षणात घट्ट होते, पण काचेसारखे ठिसूळ राहते. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना तंतोतंत टेकले तरच त्याचा उपयोग. पाइप गोल, बिल्ला थोडा उघडलेला, त्यात आपल्या पांदणरस्त्याचे हादरे. शिवाय आपल्याकडचे ऊन. तापल्यावर पितळ लोखंडापेक्षा सुमारे दीडपट आणि ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट वाढते. दोन इंची बिल्ल्यात हा फरक केसाच्या जाडीहूनही कमी, पण रोज सकाळ-दुपार तोच ताण बसला की ठिसूळ थर कडेपासून सुटू लागतो. (हा गोंद बोटांना लागला तर ओढू नये, कोमट साबणाच्या पाण्यात बोटे धरावीत. डोळ्यात गेल्यास सरळ डॉक्टरकडे जावे.)

तिसऱ्यांदा पंक्चरचे सोल्युशन. ते रबराला रबर जोडण्यासाठी आहे, उन्हात मऊ पडते. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

माझ्या मते येथे दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद घ्यावा, अरल्डाइट म्हणतात त्या जातीचा. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तो 1940 च्या दशकात बाजारात आणला. यात पाणी उडून जाण्याचा प्रश्न नाही, दोन द्रव्यांची आपसात क्रिया होऊन तो घट्ट होतो आणि थोडी फट असली तरी भरून काढतो. पाच मिनिटांत बसणारा नको, रात्रभर घेणारा घ्यावा. उन्हाला आणि हादऱ्याला सावकाश बसणारा जास्त टिकतो.

पण बंधूंनो, गोंदापेक्षा मशागत महत्त्वाची. त्यांच्या बिल्ल्याच्या पाठीवर मागचे तिन्ही थर तसेच होते, आणि त्यावर काळ्या रंगाचा पापुद्रा निघून आला होता. म्हणजे शेवटच्या वेळी गोंद सुटलाच नव्हता. खाली गंज होता, तो रंगासकट सुटला. तेव्हा जुना थर खरवडून काढावा. बिल्ल्याची पाठ आणि पाइपवरची तेवढीच जागा पॉलिश पेपरने खरबरीत करावी. गंज असेल तर चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावे. बिल्ल्याच्या दर्शनी बाजूला पेपर लावू नये. नंतर स्पिरिटने पुसावे व त्या जागेला बोट लावू नये. पेट्रोलने पुसू नका, त्याचा तेलकटपणा मागे राहतो.

गोंद लावण्याआधी बिल्ला कोरडाच बसवून पाहावा. कडा उचललेल्या असतील तर त्याच जाडीच्या पाइपवर फडके ठेवून हाताने हळूहळू वाकवावा. हातोडी नको. मग दोन्ही नळ्यांतून सारखा भाग घेऊन एकजीव कालवावा आणि पातळ थर द्यावा. बाहेर आलेला गोंद लगेच पुसावा. वरून प्लास्टिकचा तुकडा ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधावे, पण आवळून नव्हे, नाहीतर सगळा गोंद बाहेर येईल. चोवीस तास सायकल हलवू नये. थंडीच्या दिवसांत आणखी एक दिवस द्यावा.

काही बिल्ल्यांना रिबिटाची भोके असतात. भोके शाबूत असतील तर रिबीट सर्वांत उत्तम. मात्र आतून चिमट्याची दांडी फिरते व मधली जागा फार थोडी असते. लांब स्क्रू ठोकला तर हँडल अडकेल आणि वळणावर माणूस पडेल. त्या सभासदाने स्क्रूचाच विचार केला होता, म्हणून हे मुद्दाम लिहिले. नवीन भोक तर पाडूच नये.

मोटारीच्या बिल्ल्यामागे असते ती दुहेरी फोमची पट्टी सपाट जागी चांगली, गोल पाइपवर तिच्या कडा उचलतात. पुढे कधी बिल्ला काढून रंग द्यायचा असेल तर सिलिकॉन वापरता येईल, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नये. त्याने पितळ आणि लोखंड दोन्ही खराब होतात.

पुढच्या फेरीत सायकल पाहिली. बिल्ला पक्का होता. वडिलांनी अंगठा फिरवून मुलाला सांगितले की थोडा डावीकडे कलला आहे. पाहिले तर खरोखरच कलला होता.

उरलेल्या गोंदाच्या नळ्यांची टोपणे मात्र अदलाबदल होऊ देऊ नका, नळीचे तोंडच कायमचे बंद होते.

— ऊस विकास अधिकारी