घर हेच कार्यालय : सोय किती, जाच किती?

बीड जिल्ह्यातील माणसाला काम आणि घर या दोन गोष्टी एकाच ठिकाणी मिळणे हे भाग्याचेच समजले जाते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप लागते. केज तालुक्यातील युसूफ वडगावचा परिसरही या रहाटगाडग्यातून सुटलेला नाही. त्यातून शिकून बाहेर पडलेली पिढी पुण्याला हिंजवडी, खराडी, मगरपट्टा अशा ठिकाणी संगणकासमोर बसू लागली. पण गाव सोडणे तिलाही चुकले नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि हा ओघ काही काळ उलटा फिरला. साखर कारखान्यांच्या आवारात अडकून पडलेले ऊसतोड कामगार शासनाने एप्रिलमध्ये परवानगी दिल्यानंतर गावी परतले. त्याच सुमारास संगणक अभियंतेही लॅपटॉप घेऊन गावी आले. दोघांत फरक एवढाच, की एकाचे काम फडातच राहिले आणि दुसऱ्याचे काम त्याच्यासोबत माळवदाच्या घरात आले. घरून काम करण्याच्या गुणदोषांची चर्चा करताना ही गोष्ट नजरेआड होता कामा नये. ही सवलत मुळात थोड्यांच्याच वाट्याला येते. ऊस तोडणारा, बस चालवणारा, रुग्णालयातील परिचारिका किंवा दुकानातील नोकर यांना ती कधीच मिळणार नाही.

तथापि घरी बसून काम करणे ही संगणकाची देणगी आहे असे मानणे चुकीचे ठरेल. सोलापुरात हजारो स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घराच्या उंबऱ्यात बसून विड्या वळत आल्या आहेत. तेंदूपाने आणि तंबाखू घरी न्यायचा, हजाराच्या हिशेबाने विड्या वळून द्यायच्या, नापास झालेल्या विड्यांची मजुरी सोडून द्यायची, असा हा व्यवहार. 'या बायका आमच्या कामगारच नव्हेत' अशी मालकांची भूमिका असे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार ठरविले आणि मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. मजुराचे घर हे मालकाच्या कारखान्याचाच एक भाग असू शकते, हे तत्त्व आपल्याकडे प्रथम विडीच्या धंद्याने शिकविले म्हणायला हरकत नाही.

याच्या उलट उदाहरण लिज्जत पापडाचे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग सुरू केला. शाखेतून भिजवलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटून, वाळवून दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची, ही तिथली पद्धत. काम घरीच, मजुरी नगावरच; परंतु या स्त्रिया संस्थेच्या मालकीणही असल्याने नफ्यातही त्यांचा वाटा असतो. विडीवाली आणि पापडवाली यांच्यातील फरक कामाच्या जागेचा नाही, मालकीचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ मध्ये घरकामगारांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

आता संगणकावरील कामाकडे वळू. फायदे उघड आहेत. हिंजवडीच्या वाहतुकीत रोज जाणारे दोन-तीन तास वाचतात. भाडे, डबा, पेट्रोल यांचा खर्च कमी होतो. (घरभाड्याच्या भत्त्यावर करसवलत घेणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की भाडे प्रत्यक्ष भरले तरच ती मिळते; गावच्या स्वतःच्या घरात राहून ती मागता येत नाही.) म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधपाण्याकडे लक्ष देता येते. बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागणाऱ्या स्त्रियांना या पद्धतीचा मोठा आधार आहे. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने, कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याची मुभा दिली आणि पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवण्यात आली. मात्र कायद्यातील शब्द 'देता येईल' असा आहे, 'द्यावे' असा नाही.

घरी बसणारा माणूस कामचुकारपणा करतो, ही वरिष्ठांची जुनी शंका. तिची चांगली कसोटी चीनमध्ये लागली. तेथील सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. यापुढची माहिती मात्र सहसा सांगितली जात नाही. कामगिरीच्या तुलनेत घरून काम करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या, आणि नंतर निवडीची मुभा दिली तेव्हा त्यांच्यातील सुमारे निम्मे कर्मचारी कार्यालयात परतले. एकटेपणा हे त्याचे एक मोठे कारण होते. याच कंपनीतील दुसरा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून दोन दिवस घरी व उर्वरित दिवस कार्यालयात काम करणाऱ्यांत नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि बढत्यांवरही विपरीत परिणाम दिसला नाही. मधला मार्ग बरा, असा त्याचा अर्थ. युसूफ वडगावला राहणाऱ्याला मात्र हा मधला मार्ग बंद आहे, कारण दर आठवड्याला तीन दिवस पुण्याला जाऊन येणे कोणालाही परवडणारे नाही.

खेड्यातून काम करण्याच्या अडचणी शहरातल्यांहून वेगळ्या आहेत. गावठाणाचे आणि शेतीचे विजेचे फीडर वेगळे झाल्यापासून गावातील वीजपुरवठा पूर्वीपेक्षा बरा आहे. पण शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्याला बहुधा शेतीच्या फीडरवरच भिस्त ठेवावी लागते. उन्हाळ्यातील वळवाच्या पावसात वीज गेली, की इन्व्हर्टर किती तास पुरेल याचा हिशेब सुरू होतो. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर पोहोचविण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तिचेच नाव पुढे भारतनेट झाले. परंतु पंचायतीच्या कार्यालयापासून घरापर्यंतचे अंतर अजून बऱ्याच ठिकाणी मोबाईलच्या मनोऱ्यावरच काटावे लागते. त्यात घरी बसलेला माणूस मोकळाच आहे, अशी भावकीची ठाम समजूत. 'घरीच आहेस ना, जरा बँकेत जाऊन ये' ही विनंती नेमकी परदेशी ग्राहकाशी बैठक सुरू असताना येते. सुनेच्या बाबतीत तर लॅपटॉप आणि चूल यांच्यात पडदाही नसतो. लग्नाच्या बाजारातही घरून काम करणाऱ्या मुलाला 'पुण्यात फ्लॅट आहे का?' हाच प्रश्न आधी विचारला जातो.

कार्यालयात कामाला सुरुवात आणि शेवट असतो. घरी तो स्वतः आखावा लागतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतरच्या संपर्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याच हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, त्याचा कायदा झाला नाही. काम करताना घरीच जिन्यावरून पाय घसरला तर तो कामावरचा अपघात म्हणायचा का, हा प्रश्नही सोपा नाही. भरपाईसाठी अपघात कामामुळे आणि काम करीत असताना घडला हे दाखवावे लागते, आणि घरात साक्षीदार घरचेच असतात. पहिलीच नोकरी धरणाऱ्या तरुणाचे नुकसान तर वेगळेच. शेजारच्या टेबलावरचा अनुभवी माणूस चहा पिता पिता जे शिकवून जातो, ते पडद्यावरच्या बैठकीत मिळत नाही.

शहरांच्या अर्थकारणाचाही विचार करावा लागतो. अभियंते गावी गेले तेव्हा हिंजवडीतील खानावळी, वसतिगृहे आणि कंपन्यांच्या मोटारी चालविणारे चालक बसून राहिले. त्या चालकांतही मराठवाड्यातून आलेले कितीतरी होते.

या पद्धतीवर आयुष्याची घडी बसविणाऱ्यांनी एका घटनेची नोंद घ्यावी. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये जाहीर केले, की २०२५ पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्के कर्मचारी कार्यालयात असतील. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून बहुतेकांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावले. कंपनीला धोरण बदलण्याचा अधिकार आहेच. पण तोंडी आश्वासनावर पुण्यातील घर सोडून गावी बांधकाम काढणाऱ्याची यात फरपट होते. कामाचे ठिकाण, हजेरीचे दिवस, वीज व इंटरनेटचा खर्च आणि परत बोलाविण्यापूर्वीची मुदत या गोष्टी नेमणूकपत्रात लेखी असाव्यात, एवढा आग्रह तरी धरावा.

नोकरी शोधणाऱ्या तरुणांसाठी आणखी एक धोका आहे. 'घरबसल्या कमवा' अशा जाहिराती पूर्वी वर्तमानपत्राच्या छोट्या रकान्यांत असत, आता त्या मोबाईलवर येतात. डेटा एंट्रीचे काम देतो म्हणून करारावर सही घ्यायची, मग कामात चुका काढून वकिलाच्या नोटिशीचा धाक घालून दंड उकळायचा, हा एक प्रकार. दुसऱ्यात चित्रफितींना पसंती देण्याचे पहिले दोन-तीनशे रुपये खरोखर दिले जातात आणि विश्वास बसला की मोठी रक्कम भरायला सांगितली जाते. काम देणारा कामगाराकडूनच अनामत मागत असेल तर तेथेच थांबावे. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर त्याच तासात कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्याआधी गोठविली जाण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.