सायकलच्या पेडलला बूट अडकवायचा खरा, पण कोणत्या पद्धतीचा? हैदराबादच्या रस्त्यांवर काय परवडतं, काय नाही

हैदराबाद : आउटर रिंग रोडलगतचा २३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला. नानकरामगुडा ते पोलीस अकादमी हा साडेआठ किलोमीटरचा एक तुकडा, नरसिंगी ते कोल्लूर हा साडेचौदा किलोमीटरचा दुसरा. डोक्यावर सौर पॅनेलचं छत आणि मोटारींपासून वेगळी वाट. नांदेड, लातूर, उदगीर, बीदरकडून नोकरीसाठी गच्चीबावली-कोंडापूरला राहायला आलेल्यांपैकी ज्यांनी रोडबाइक घेतली, त्यांना महिना-दोन महिन्यांत कुणीतरी हमखास सांगतं, ‘आता क्लिपलेस लावून घे.’ आणि तिथून गोंधळ सुरू होतो, कारण या नावाखाली एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या चार-पाच पद्धती बाजारात आहेत.

नावापासूनच घोळ आहे. ‘क्लिपलेस’ म्हणजे क्लिप नसलेलं, आणि बूट तर चांगला खटकन अडकतो. याचं कारण जुनं आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पेडलवर पिंजरा आणि पट्टा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून हे क्लिपलेस. स्कीच्या पट्टीला बूट अडकवण्याची साधनं बनवणाऱ्या फ्रान्समधल्या ‘लुक’ कंपनीने तीच युक्ती १९८४ मध्ये सायकलला लावली. १९८५ ला बर्नार्ड इनोने त्याच पेडलवर टूर द फ्रान्स जिंकली आणि पट्ट्यांचे दिवस भरले. बुटाच्या तळव्याला स्क्रूने बसवलेला तुकडा म्हणजे क्लीट. क्लीट पेडलमध्ये दाबली की स्प्रिंग तिला पकडते, आणि टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सोडते. पाय वर ओढून बूट सुटत नाही, हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसलेलं बरं.

याने वेग वाढतो का? दुकानात सांगतात तेवढा नाही. ‘पाय वर ओढूनही ताकद लागते, दुप्पट जोर मिळतो’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पण एकसारख्या वेगाने चालवताना साधं पेडल आणि क्लिपलेस यांत दमण्याचा फारसा फरक पडत नाही, असंच प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलं आहे. मुद्दाम पाय वर ओढत बसलं, तर उलट जास्त दम लागतो. खरा फायदा वेगळा आहे. एकदम जोर काढताना किंवा उभं राहून चढ चढताना पाय घसरत नाही, आणि सहा-सात तासांच्या सायकलिंगमध्ये पाऊल प्रत्येक फेरीला त्याच जागी राहतं. मात्र ती जागा चुकीची असेल तर गुडघ्यावर तोच चुकीचा ताण हजारो वेळा पडतो.

म्हणून दोन बोल्ट की तीन, हा पहिला प्रश्न नीट समजून घ्यायला हवा.

दोन बोल्टची पद्धत म्हणजे शिमानोची एसपीडी, १९९० पासूनची. मूळ डोंगरी सायकलींसाठी काढलेली. क्लीट लहान, लोखंडी, आणि बुटाच्या रबरी तळव्यात आत दबलेली. त्यामुळे त्या बुटाने नेहमीच्या बुटासारखं चालता येतं. साध्या एसपीडी पेडलला दोन्ही बाजूंनी पकड असते. सिग्नल सुटला की खाली न बघता पाय टेकवायचा, काम झालं.

तीन बोल्टची पद्धत खास रोडबाइकची. शिमानोची एसपीडी-एसएल आणि लुकची किओ या त्यातल्या दोन मोठ्या. क्लीट रुंद, प्लॅस्टिकची, तळव्याच्या बाहेर आलेली. रुंदीमुळे जोर पावलाच्या मोठ्या भागावर पसरतो, लांबच्या सायकलिंगला तळवा कमी दुखतो. पण पकड एकाच बाजूला, आणि चाल मात्र बदकाची. गुळगुळीत फरशीवर, त्यातून ओल्या, ही क्लीट घसरते. चालण्याने ती झिजते, म्हणजे पुन्हा नवी घ्या. पेडल एकदाच घ्यायचं असतं, क्लीट मात्र खर्ची पडणारा माल आहे. हिशोब करताना हा आकडा बहुतेक जण धरतच नाहीत.

शिमानो आणि लुकच्या क्लीट दिसायला जवळपास सारख्या, पण एकीची दुसऱ्या पेडलमध्ये चालत नाही. जुनी पेडल विकत घेणारे इथेच फसतात. बुटाची तीन भोकं मात्र दोघींना चालतात. रंगांची तर आणखीच गंमत. पाय अडकलेला असताना टाच थोडी इकडेतिकडे हलायला जी मोकळीक असते, तिला फ्लोट म्हणतात. शिमानोत पिवळी क्लीट ६ अंश, निळी २ अंश आणि लाल शून्य. लुक किओत काळी शून्य, करडी साडेचार आणि लाल ९ अंश. म्हणजे शिमानोची लाल सगळ्यात आवळलेली, लुकची लाल सगळ्यात सैल. ‘लाल द्या’ एवढंच सांगून क्लीट मागवणाऱ्याचा गुडघा नशिबावर. सुरुवातीला शिमानोची पिवळी किंवा लुकची करडी घ्यावी. शून्य अंशाची क्लीट ज्याने तज्ज्ञाकडून नीट फिटिंग करून घेतलं आहे त्याच्यासाठी.

स्पीडप्ले ही तिसरी जात. यात पकडीची यंत्रणा पेडलमध्ये नसून क्लीटमध्ये असते. पेडल लहान गोळीसारखं, दोन्ही बाजूंनी चालणारं, आणि फ्लोट स्क्रूने ० ते १५ अंशांपर्यंत लावता येतो. गुडघ्याच्या जुन्या तक्रारी असलेल्यांना ती आवडते. पण माती गेली की तिचं बिनसतं, आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर शंकरपल्लीच्या बाजूला सायकल उचलून दोन पावलं चिखलात टाकावी लागणार नाहीत, याची हमी कोण देणार? फ्रान्सचीच टाइम ही कंपनीही आहे, आता अमेरिकेच्या स्रामकडे गेलेली. पण क्लीट झिजल्यावर जवळच्या दुकानात मिळणार नसेल, तर नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

वजनाचं फार मनावर घेऊ नका. शिमानोची साधी एम-५२० एसपीडी जोडी ३८० ग्रॅमची, १०५ श्रेणीची आर-७००० रोड जोडी २६५ ग्रॅमची. फरक साधारण एका इराणी चहाएवढा.

मग घ्यायचं काय? फक्त ट्रॅकवर, किंवा पहाटे गंडीपेटपर्यंत जाऊन थेट घरी परत, असा बेत असेल तर तीन बोल्ट ठीक. पण ट्रॅक संपल्यावर शहर आहेच. मेहदीपटणम किंवा मियापूरच्या गर्दीत दर दोन मिनिटांनी पाय काढायचा, ऑफिसच्या जिन्यावर चालायचं, असं असेल तर दोन बोल्टच. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेलाही तेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यात कंट्रोलवर उतरून कार्डावर शिक्का घ्यायचा, ढाब्यावर जेवायचं. उमरगा, हुमनाबाद, जहीराबादवरून येणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावर पंक्चर काढायला खडीच्या कडेवर उभं राहिल्यावर प्लॅस्टिकच्या क्लीटचं काय होतं, ते चालवणाऱ्यांना विचारा.

एसपीडी घेतलीच, तर आणखी एक बघावं. बऱ्याचदा पेडलसोबत काळी एसएच-५१ क्लीट येते, ती टाच बाजूला फिरवल्यावरच सुटते. चंदेरी एसएच-५६ जास्त दिशांनी सुटते. जोर काढताना कधी नको तेव्हाही सुटेल, पण शिकताना तीच बरी.

पडणं हा यातला सगळ्यात गंभीर भाग, आणि बहुतेक जण वेगात नाही, थांबताना पडतात. सायकल थांबते, पाय अडकलेला राहतो, आणि माणूस उभाच्या उभा आडवा होतो. मनगट आणि कोपर तिथेच जातं. आपल्याकडे वाहनं उजवीकडून जातात. त्यामुळे डावा पाय आधी सोडायचा, तोही थांबायच्या आधी १०-१५ मीटर, आणि शरीराचा तोल रस्त्याच्या डाव्या कडेकडे ठेवायचा. उजव्या पायाची सवय असलेल्यांनी ती बदलायला आठवडा घालवावा, पण बदलावी. आधी भिंतीला धरून प्रत्येक पायाने ५० वेळा अडकवा-सोडा, मग रिकाम्या पार्किंगमध्ये, मग ट्रॅकवर, आणि सगळ्यात शेवटी रहदारीत. पेडलवरच्या लहान स्क्रूने स्प्रिंगचा ताण कमी-जास्त होतो. सुरुवातीला तो सगळ्यात सैल ठेवायचा.

क्लीट बसवताना पायाच्या अंगठ्यामागचा उंचवटा पेडलच्या दांड्यावर किंवा किंचित पुढे यावा. गुडघा पुढून दुखायला लागला तर आधी सीटची उंची तपासा, आतून-बाहेरून दुखला तर क्लीटचा कोन. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जा. क्लीटचे बोल्ट पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, कारण एक बोल्ट पडला की टाच फिरवली तरी क्लीट जागेवर फिरते आणि बूट सुटत नाही. पेडल घरी बसवणार असाल तर आट्यांना ग्रीस लावा, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळलं जातं.